चंद्राआडची पायरी

“हा शून्य खरा आहे ना रे?”

उकिडवे मॅडमनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून विचारलं. त्यांची नजर माझ्या स्क्रीनवरच्या सगळ्यात खालच्या ओळीवर होती. ‘हरवलेली पॅकेट्स : ०’.

“खरा आहे मॅडम. तीन दिवस चालू ठेवलंय. एकसुद्धा पॅकेट पडलेलं नाही.”

“तीन दिवसांचं मला काय करायचंय? मला हा शून्य आज चार वीसला हवाय.”

“आजही शून्यच राहील. लिहून देतो.”

लिहून देतो, असं मी खरोखर म्हणालो. सत्ताविसाव्या वर्षी माणूस काहीही लिहून देतो.

ही २००५ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. घारेवाडीच्या माळावर एका संस्थेची रेडिओ दुर्बीण होती आणि उकिडवे मॅडम तिथल्या शास्त्रज्ञ. दुर्बीण म्हणजे डोळा लावून बघायची नळी नव्हे, तर माळभर पसरलेल्या सोळा लोखंडी तबकड्या. आकाशातून येणारे रेडिओचे क्षीण आवाज त्या टिपायच्या आणि मधल्या बैठ्या इमारतीतल्या कॉम्प्युटरकडे पाठवायच्या. मी पुण्याच्या नऊ माणसांच्या कंपनीत नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर लिहायचो. कॉम्प्युटरला कार्डाशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. घरी आई सगळ्यांना सांगायची, “आमचा निरंजन ड्रायव्हर आहे, पण गाडीवरचा नव्हे.”

मला माळावर बोलावलं होतं, कारण तबकड्या सेकंदाला ऐंशी हजार पॅकेट्स, म्हणजे माहितीची पुडकी, पाठवत होत्या आणि शंभरातली तीस वाटेत गळत होती. दुखणं जुनंच होतं. प्रत्येक पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला घंटी मारायचं. आमच्या भाषेत इंटरप्ट. घंटी वाजली की प्रोसेसरनं हातातलं काम टाकून दाराशी जायचं, पॅकेट घ्यायचं, परत बसायचं, की पुन्हा घंटी. बिचाऱ्याचा सगळा वेळ दारातच जायचा, पॅकेट उघडून आतलं लिहून ठेवायला सवडच नाही. मी असं केलं की पहिली घंटी वाजली की घंटीच बंद करायची, अंगणात, म्हणजे कार्डाच्या साठवणीच्या जागेत, जमलेली सगळी पॅकेट्स एका दमात आत घ्यायची आणि अंगण रिकामं झालं की घंटी पुन्हा सुरू करायची.

दुसरं दुखणं कुलपाचं. दोन कामांनी एकाच वेळी कार्डाला हात घालू नये म्हणून ड्रायव्हरमध्ये लॉक लागतं. आधीच्या माणसानं भीतीपोटी सगळ्या ड्रायव्हरला मिळून एकच लॉक ठेवलं होतं. चाळीतल्या एकुलत्या एका संडासासारखा प्रकार. एक जण आत गेला की बाकीचे टमरेल घेऊन बाहेर. मी त्या एकाची चार लॉकं केली आणि ज्याची त्याला वाट मोकळी करून दिली. गळती थांबली. आकडा शून्यावर आला आणि मी जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागलो.

इतका की आदल्या संध्याकाळी मी हौसेनं नियंत्रण कक्षातल्या अकराही कॉम्प्युटरवर तो आकडा बघायची सोय करून दिली. कीबोर्डवरची एक की दाबली की कार्डाकडून ताजा हिशेब येणार. “दाबा आणि बघा,” मी प्रत्येकाला म्हणालो. सगळ्यांनी दाबून बघितलं. शून्य. अन्वर मुजावर नावाचा मॅडमचा पीएचडीचा विद्यार्थी होता, मिरजेचा. तो म्हणाला, “आयला, टिपणीस, तू तर शून्याचं प्रदर्शनच मांडलंस.”

त्याच अन्वरनं मला दुपारी जेवताना मॅडमची गोष्ट सांगितली. तोवर मला वाटत होतं, हे एक काम आहे, झालं की बिल लावायचं आणि निघायचं.

“चार वीसला काय होणारे, तुला माहितीये का?” त्यानं विचारलं.

“चंद्र कशाच्या तरी आड जाणारे.”

“चंद्र आड नाही जात. चंद्राच्या आड जातो. मॅडमचा स्रोत.” तो भाकरी मोडता मोडता सांगत होता. “डोळ्यांना दिसत नाही, पण तबकडीला त्याचा आवाज येतो. चंद्राची कड त्याच्यावर सरकली की आवाज बंद. तो एकच गोळा असेल तर आवाज एकदम पडतो. पण दोन गोळे शेजारी शेजारी असतील तर आधी एक झाकला जातो, मग दुसरा. आलेखात मध्ये पायरी दिसते.”

“मग?”

“चंद्राची वाट थोडी थोडी सरकते ना. त्यामुळे हा योग एकोणीस वर्षांनी येतो. मागच्या वेळी, शहाऐंशीत, मॅडमनी एका तबकडीवर तो धरला होता. तेव्हा कागदाच्या गुंडाळीवर पेननं आलेख निघायचा. पायरी आली. मॅडमनी लिहिलं, स्रोत दोन आहेत. बाहेरच्या लोकांनी उत्तर दिलं, पेन अडकलं असेल.”

“बस? एवढंच?”

“एवढंच म्हणजे? नंतर त्यांनी चाळीस निबंध लिहिले. पण परिषदेला गेल्या की अजून कोणीतरी मागून म्हणतंच, त्या पेनवाल्या बाई आल्या. मी स्वतः ऐकलंय, हैदराबादला. त्यांनीही ऐकलं. मागे वळून बघितलं नाही.” त्यानं ताट सरकवलं. “डिसेंबरात रिटायर होतायत. पुढच्या वेळी अठ्ठ्याहत्तरच्या असतील.”

मी हात धुवायला उठलो. लिहून देतो म्हणालो होतो.

साडेतीनला मी बाहेर आलो. पूर्वेला दशमीचा चंद्र फिकट वर आला होता. तबकड्या एका सुरात त्याच्याकडे वळत होत्या. त्यांच्याखालून सायकलवर रखमाजी औटी येत होते. चोवीस वर्षं या माळावर तबकड्यांना ग्रीस घालणारा माणूस. जवळच्याच गावचे. निरीक्षणाच्या दिवशी गावात फिरून सांगायचं कामही त्यांचंच. वेल्डिंगची ठिणगी, जनरेटरचा स्पार्क, असल्या कशानंही तबकडीच्या कानात खरखर व्हायची.

“झालं का सांगून?” मी विचारलं.

“झालं सायेब. वेल्डिंगवाला कुलूप लावून मावशीकडं गेला. पर आज एक घोळ हाये. घोलपांच्या पोराचं लगीन. वरातीला ब्यांड, जनरेटर, समदं हाये. वड्याकडंला थांबवून आलोय. नवरदेव घोड्यावर बसल्यालाच हाये.”

“तो थांबेल?”

“थांबंल की. त्याच्या बापाला म्हनलं, बाईंचा चांद आज येनार हाये, सव्वापाचपातूर दम धरा. बाप म्हनला, बाईंनी माझ्या पोराला दहावीला गनित शिकवलंय, बसंल बोंबलत घोड्यावर.” औटी हसले आणि मग हसू आवरून म्हणाले, “तुमचं येंत्र नीट हाये ना? माझ्या तबकड्यांचं मी सांगतो. त्या न्हाई दगा देनार.”

“माझंही नाही देणार,” मी म्हणालो. या वेळी आवाज जरा बारीक निघाला.

चारला सगळे आपापल्या जागी बसले. अकरा कॉम्प्युटर, अकरा माणसं, आणि माझ्या वेगळ्या कॉम्प्युटरसमोर बारावा मी. मॅडम मधल्या टेबलाशी. त्यांच्यासमोर मोठ्या स्क्रीनवर आलेख सरकत होता, हिरवी खरखरती रेघ. बाजूच्या छोट्या स्क्रीनवर माझा आकडा. त्यांनी पोपटी साडी नेसली होती. एरवी त्या नेहमी पांढऱ्या-करड्या कपड्यांत असत, म्हणून लक्षात राहिलं.

चार वाजून अठरा मिनिटं. कोणीतरी की दाबली, शून्य. शेजारच्यानं दाबली, शून्य. अन्वरनं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

चार एकोणीस. “कड येतेय,” मॅडम म्हणाल्या.

मीही की दाबली. दोनशे बारा.

मला वाटलं, डोळ्यांची चूक. पुन्हा दाबली. एक हजार नऊशे चार.

“टिपणीस,” पलीकडून अन्वर म्हणाला, “हलतोय रे.”

“माझ्याकडे पण हलतोय,” तिसरा म्हणाला. मग सगळीकडून तेच. जो तो आपल्या स्क्रीनकडे वाकला. की दाबल्याची टकटक चहूबाजूंनी ऐकू येत होती. साठ हजार. एक लाख दहा हजार. मी दाबत होतो, आकडा वाढत होता. दर वेळी वाटायचं, आता थांबेल, आता थांबेल. हात लावावा तर कशाला लावावा? ड्रायव्हर काढून परत घालायला दोन मिनिटं लागतात आणि चंद्राला काय पडलंय थांबायचं? माझ्या हातात बघण्याखेरीज काहीच नव्हतं. म्हणून मी बघत राहिलो.

मॅडमच्या आलेखात पांढरी भोकं पडत गेली. हिरवी रेघ उंचावरून निघाली, तुटली, खाली दिसली, परत तुटली. आणि मग खाली सपाट. चंद्रानं स्रोत झाकला होता. मधल्या अडीच सेकंदांत काय झालं, ते त्या भोकांत गेलं होतं.

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

“बाहेर केव्हा येतो?” त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. मिनिटासकट माहीत होतं.

“पाच अकरा,” अन्वर म्हणाला.

“म्हणजे एक्कावन्न मिनिटं आहेत.” त्या माझ्याकडे वळल्या. “काय झालं?”

मला काय झालं ते माहीत नव्हतं. पण ‘माहीत नाही’ हे दोन शब्दांचं उत्तर त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणालो, “एका दमात किती पॅकेट्स आत घ्यायची, त्याची मर्यादा कमी पडतेय बहुतेक. अंगण भरून वाहतंय. मर्यादा वाढवतो.”

“बहुतेक?”

“वाढवून बघतो. पाच मिनिटांत कळेल.”

अन्वर जवळ आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, जुना ड्रायव्हर टाकू या का? तीस टक्के जातील, पण सगळीकडे सारखे जातील. सत्तर टक्क्यांत पायरीची खूण तरी राहील.”

तो बरोबर बोलत होता. आज मला ते लख्ख दिसतं. तेव्हा मला फक्त अपमान दिसला. “अरे, मूळ दोष कळलाय,” मी म्हणालो. “आता परत मागे कशाला?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. शिक्षक फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या मुलाकडे बघतात तसं, उत्तर येईल अशा आशेनं.

“तुला खात्री आहे?”

“हो.”

“मग तुझंच कर.”

मी मर्यादा चौपट केली, ड्रायव्हर परत घातला, नोंद सुरू केली. पाच मिनिटं थांबून की दाबली. शून्य. आणखी पाच मिनिटांनी. शून्य. तबकड्या तेवढीच पॅकेट्स पाठवत होत्या, कॉम्प्युटर तोच, आणि गळती बंद. “मॅडम, जमलं!” मी ओरडलो.

त्या वेळी खोलीत कोण होतं, याचा विचार मी केला नाही. नऊ जण व्हरांड्यात चहा घेत उभे होते. मॅडम आणि अन्वर पहिल्या आलेखाचा छापील कागद खिडकीशी धरून भोकं मोजत होते. आत कॉम्प्युटरसमोर मी एकटाच होतो.

पाच वाजता औटी दारात आले. “बाई, वरातीचं काय करू? घोडं बिथरायला लागलंय म्हनतात.”

“अजून पंधरा मिनिटं, औटी. त्यांना म्हणावं, मी हात जोडते.”

“हात कशापायी जोडता, थांबत्याल की,” असं म्हणून औटी गेले. नंतर कळलं की ते ओढ्यापर्यंत धावत गेले होते, सायकलची हवा गेली होती म्हणून.

सगळे आत आले. मी उभा राहिलो आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी केली.

“आता दोष काढलाय,” मी म्हणालो. “पण धोका नको. सगळ्यांनी आकड्यावर डोळा ठेवा. सारखी की दाबत राहा. जरा हलला की लगेच ओरडा, म्हणजे मला कळेल.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर अकरा जणांचे हात मागितले.

पाच दहा. टकटक सुरू झाली. मॅडम आलेखाकडे बघत होत्या. रेघ खाली सपाट होती. चंद्राची दुसरी कड सरकत होती.

“हलला,” कोणीतरी ओरडलं.

“माझ्याकडे पण!”

“चाळीस हजार!”

मी माझी की दाबली. दाबत राहिलो. मर्यादा आणखी वाढवावी? आता? मी कीबोर्डवर हात ठेवले आणि परत उचलले. नव्वद हजार. एक लाख चाळीस हजार. “थांब,” मी स्क्रीनला म्हणालो. मोठ्यांदा म्हणालो. “थांब ना रे बाबा.” अन्वरनं कपाळावर हात मारला. मॅडमच्या आलेखात रेघ खालून उठली, तुटली, दिसली, तुटली, आणि वर जाऊन पूर्वीसारखी खरखरत राहिली. वर जाताना ती सरळ गेली की पायरीनं गेली, ते कळायला कागदावर काही उरलं नव्हतं.

पाच तेरा झाले. चंद्र खिडकीत होता. आता त्याचा कशाशी संबंध नव्हता.

“औटींना सांगा,” मॅडम म्हणाल्या, “वरात जाऊ द्या.”

थोड्या वेळानं ओढ्याकडून बँड सुरू झाला. जनरेटरची खरखर आलेखात उमटायला लागली. मॅडम उठून एकेकाच्या टेबलाशी गेल्या. “चला, फार छान काम केलंत,” असं प्रत्येकाला म्हणाल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी मान वर केली नाही. त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि त्या पुढे गेल्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

संध्याकाळी पुण्याहून आमच्या साहेबांचा फोन आला. “हे बघ निरंजन, अहवालात लिही की कार्डातच दोष असावा. परदेशी कार्ड आहे, कोण तपासतंय? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतील तर म्हणू देत. आपलं नाव नको यायला.”

“बघतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर मी अहवाल लिहायला बसलो. नियंत्रण कक्षात कोणी नव्हतं. दुर्बीण नेहमीच्या कामाला लागली होती, पॅकेट्स तेवढीच येत होती. आकडा सकाळपासून शून्य. मला त्या शून्याची किळस आली होती. अहवालात प्रत्येक कॉम्प्युटरवरची नोंद द्यायची होती, म्हणून मी वही घेऊन पहिल्या टेबलापाशी गेलो, की दाबली, शून्य लिहिला. दुसऱ्या टेबलाशी गेलो. शून्य. तेवढ्यात झाडायला आलेल्या मावशींच्या लांब झाडूचा दांडा तिसऱ्या टेबलावरच्या कीबोर्डवर, नेमका त्याच कीवर, पडला आणि तसाच राहिला. त्याच वेळी मी चौथ्या टेबलावर की दाबली.

तीनशे चाळीस.

मी मावशींना म्हणालो, “दांडा काढा.” त्यांनी काढला. आकडा थांबला. “परत ठेवा.” त्या माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशा बघायला लागल्या. त्यांनी परत ठेवला. मी शेजारच्या दोन टेबलांवर दोन हातांनी दोन कीज दाबून धरल्या. आकडा धावत सुटला.

मी खाली जमिनीवर बसलो.

चार लॉकं केली होती मी. पॅकेट आत घेण्याचं एक, बाहेर पाठवण्याचं एक, अशी. आणि आकडे दाखवणारा भाग? त्याच्याकडे मी ढुंकून बघितलं नव्हतं. नुसते आकडे तर दाखवायचे, त्याला काय करायचंय? तो अजून पॅकेट आत घेण्याच्याच लॉकची कडी लावून कार्डाकडे हिशेब मागत होता. कार्ड आपल्या संथ चालीनं चाळीस खणांतले चाळीस आकडे काढून द्यायचं, आणि तेवढा वेळ आत येणारी सगळी पॅकेट्स अंगणात. अंगणात तीन-साडेतीन मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या तेवढ्या हजाराव्या भागांत, येतील एवढ्याच पॅकेट्सची जागा होती आणि एका बघण्याला अडीच लागायचे. एकानं बघितलं तर निभावायचं. म्हणून तीन दिवस मी एकटा बघत होतो तेव्हा शून्यच होता. पण एकाचं बघून होतंय तोवर दुसऱ्यानं, दुसऱ्याचं होतंय तोवर तिसऱ्यानं कडी लावली, तर दार उघडतच नाही. आणि आकडा हलला की माणूस काय करतो? जास्त बघतो.

मी दुरुस्ती केली. बघणाऱ्यांसाठी वेगळं लॉक, आणि कार्डाला सारखं विचारण्याऐवजी सेकंदातून एकदा हिशेब घेऊन बाजूला टांगून ठेवायचा, ज्याला बघायचंय त्यानं तिथं बघावं. मावशींना विनंती करून परत दांडा ठेवला, सगळ्या टेबलांवर वह्या-पुस्तकं ठेवून अकराही कीज दाबून धरल्या. शून्य. दहा मिनिटं, शून्य.

मावशी म्हणाल्या, “झालं का तुमचं? मला जळमटं काढायचीत.”

कोणाला कळलं नसतं. कार्डाचा दोष असं लिहून मी दुपारच्या एसटीनं पुण्याला गेलो असतो, तर आजतागायत कोणाला कळलं नसतं. मी शूर वगैरे नाही. पण आदल्या दिवशी पाठीवर थोपटलेलं जात नव्हतं.

मॅडम त्यांच्या खोलीत होत्या. टेबलावर आलेखाचे दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले होते आणि त्या पेन्सिलीनं भोकांवरून पुसट रेघ जोडून बघत होत्या. मला बघून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, जरा ओशाळून.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

“म्हणजे आम्ही बघत होतो म्हणून गेलं,” त्या म्हणाल्या.

“सगळे लागोपाठ बघत होते म्हणून. आणि दुसऱ्या वेळी मीच सांगितलं, बघत राहा.”

“तू सांगितलं नसतंस तरी बघितलंच असतं.” त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. “पहिल्यांदा आकडा हलल्यावर मी आलेखाकडे बघितलंच नाही रे. एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर चाललं होतं आणि मी ती की दाबत होते. सगळ्यात जास्त मीच दाबली असेल.”

“चूक माझी आहे मॅडम. मी तसं लिहून देतो.” हे शब्द तोंडातून गेले आणि माझे मलाच ऐकवेनात.

“किती वेळ लागला? दुरुस्तीला?”

मला खोटं बोलावंसं वाटलं. दोन दिवस लागतील असं काहीतरी. “आठ मिनिटं,” मी म्हणालो.

“आठ.”

“हो.”

त्या उठून खिडकीशी गेल्या. मला जायला सांगतील असं वाटलं, पण त्यांनी सांगितलं नाही. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “त्या वेळी पेन अडकलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. परिषदेत सांगितलं, पत्रांत लिहिलं. आमचे हे गेले त्याच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात त्यांनाही सांगत होते.”

“नव्हतंच अडकलं मॅडम,” मी म्हणालो. “मला ठाऊक आहे.”

“तुला कसं ठाऊक असेल?” त्या वळल्या. रागावल्या नव्हत्या. इतक्या दमलेल्या मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. “मला तरी कुठे ठाऊक आहे? काल कळणार होतं.”